ऐतिहासिक रणनीती खेळांच्या रचनाकारांना खुले पत्र: युग बदलले की व्यापारातला अडसरही बदलू द्या

प्रति,
ऐतिहासिक रणनीती खेळ घडवणारे सर्व रचनाकार, लेखक आणि प्रोग्रॅमर यांस,

सप्रेम नमस्कार.

आपण घडवलेले खेळ नाशिकमध्ये बरीच वर्षे खेळले जात आहेत. कॉलेजच्या वयात सायबर कॅफेत 'एज ऑफ एम्पायर्स २' खेळणारी पिढी आता चाळिशीला टेकली आहे, आणि तिच्यातील पुष्कळजण आजही रात्री घरच्या संगणकावर 'सिव्हिलायझेशन', 'युरोपा युनिव्हर्सालिस' किंवा 'व्हिक्टोरिया' यांपैकी काही ना काही मांडून बसतात. मी त्यांच्यापैकीच एक. दिवसा कांद्याच्या आडतीवर हिशेब लिहिणे हा माझा व्यवसाय असल्यामुळे या खेळांतील लढायांपेक्षा व्यापाराकडे माझे लक्ष अधिक जाते, आणि त्या व्यापाराविषयी एक मागणी आपल्यापुढे ठेवण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

आपल्या खेळांत युग बदलले की सैन्य बदलते, इमारती बदलतात, राज्यपद्धती बदलते. व्यापाराचा मात्र बहुधा केवळ आकडा वाढतो. बैलगाडीच्या जागी गलबत येते, गलबताच्या जागी आगबोट येते, दर टर्नला (खेळाडूच्या एका पाळीला) मिळणारे सोने दोनाचे सहा आणि सहाचे पंधरा होते, परंतु खेळाडूने करायचे काम पहिल्या युगात जे होते तेच शेवटच्या युगातही उरते: दोन शहरे निवडायची, मार्ग जोडायचा आणि उत्पन्न वाढताना पाहायचे. प्रत्यक्ष इतिहासात व्यापाराला अडवणारी गोष्ट युगागणिक निराळी होती. कधी ऋतू आणि घाट, कधी दूरदेशी रक्कम सुखरूप पोचवण्याची अडचण, कधी समुद्रावर तोफा रोखून परवाना मागणारी सत्ता, कधी परक्या बाजारातला भाव वेळेत न कळणे, आणि आजच्या काळात एखाद्या सरकारची रात्रीतून निघालेली अधिसूचना. युग बदलताना हा अडसर बदलावा आणि त्याबरोबर खेळाडूचे कामही बदलावे, ही माझी मागणी आहे.

आपण काहीच केले नाही असे मी म्हणत नाही. 'एज ऑफ एम्पायर्स २'मध्ये व्यापाराची गाडी जितक्या दूरच्या बाजारपेठेत जाईल तितके सोने अधिक मिळते, आणि एकच माल पुन्हा पुन्हा विकला की त्याचा भाव पडत जातो. या दोन साध्या नियमांत खरोखरीच्या बाजाराचे बरेच काही आले आहे. 'व्हिक्टोरिया ३'मध्ये भाव मागणी-पुरवठ्यातून ठरतो. १८३६ ते १९३६ या शतकासाठी ही मांडणी मला अत्यंत योग्य वाटते. २०२५ मध्ये आलेल्या 'सिव्हिलायझेशन ७'ने तर युगे वेगळी काढून प्रत्येक युगाला स्वतःचे नियम दिले आहेत आणि मधल्या युगात दूरच्या भूमीवरून खजिन्याची जहाजे आणण्याचे निराळे काम ठेवले आहे. मी जे मागतो आहे त्याच्या सर्वांत जवळ पोचलेला प्रयत्न हाच.

'युरोपा युनिव्हर्सालिस ४'विषयी मात्र थोडे स्पष्ट बोलावे लागेल, कारण व्यापाराचा फार विस्तृत नकाशा त्या खेळात आहे. त्यातील व्यापारकेंद्रे एकमेकांना एकाच दिशेने जोडलेली आहेत आणि सगळा प्रवाह अखेर इंग्लिश खाडी, जिनोआ आणि व्हेनिस या तीन ठिकाणी जाऊन थांबतो. ही दिशा १४४४ च्या पहिल्या दिवसापासून ठरलेली असते. दख्खनमधील एखाद्या सत्तेने कितीही आरमार उभारले तरी तिला प्रवाह अडवून धरता येतो, वळवता येत नाही. प्रत्यक्षात काय होते? पहिल्याच शतकात रोममध्ये प्लिनी हा लेखक तक्रार करत होता की भारत दरवर्षी साम्राज्यातून पाच कोटी सेस्टर्स (रोमन नाणी) ओढून घेतो. १५४५ मध्ये दक्षिण अमेरिकेतील पोतोसीचे रुपे सापडले आणि १५७१ मध्ये स्पॅनिश लोकांनी मनिला वसवले, त्यानंतर अमेरिकेची चांदी जगाला वळसा घालून चीनमध्ये रिचत राहिली. माल एका बाजूला जात होता आणि चांदी दुसऱ्या बाजूला. अठराव्या शतकाच्या अखेरीस नफा युरोपात साठू लागला हे खरे आहे, परंतु तो साडेतीनशे वर्षांच्या घडामोडींचा निकाल होता, आणि आपण तो निकाल खेळाच्या पहिल्या पानावरच छापून ठेवला आहे.

आता युगांकडे येतो. उदाहरणे मी मुद्दाम नाशिकची घेत आहे, कारण ती जगाच्या व्यापाराशी जोडलेली आहेत आणि आपल्या खेळांत ती जवळजवळ कधीच दिसत नाहीत.

शहराच्या दक्षिणेला त्रिरश्मी डोंगरात पांडवलेणी आहेत. तेथील दहाव्या लेण्यात नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे. तो सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचा, आणि व्यापाराची यंत्रणा रचणाऱ्या प्रत्येकाने वाचावा असा आहे. उषवदाताने भिक्षुसंघाला ३,००० कार्षापणांची (कार्षापण म्हणजे त्या काळचे नाणे) कायमची ठेव दिली, पण ती रक्कम संघाच्या हाती दिली नाही. नाशिकजवळच्या गोवर्धन येथील विणकरांच्या एका श्रेणीकडे, म्हणजे व्यवसायसंघाकडे, २,००० कार्षापण दरमहा शेकडा एक व्याजाने आणि दुसऱ्या विणकर श्रेणीकडे १,००० कार्षापण दरमहा शेकडा पाऊण व्याजाने ठेवले. मुद्दल परत मागायचे नाही, केवळ व्याज वापरायचे, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. लेण्यात वर्षावास (पावसाळ्यातील मुक्काम) करणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण वस्त्रासाठी द्यायचे होते. हिशेब करून पाहा: २,००० वर दरमहा एक टक्का म्हणजे वर्षाला २४०, आणि वीस गुणिले बारा म्हणजेही २४०. हा सगळा व्यवहार निगमसभेत, म्हणजे नगराच्या सभेत, ऐकवून तिच्या दफ्तरात नोंदवलेला आहे. माझ्यासारख्या हिशेबनिसाला एकोणीसशे वर्षांपूर्वीचा ताळेबंद असा जुळलेला पाहून जो आनंद होतो तो बाजूला ठेवू. खेळाच्या दृष्टीने महत्त्वाचे हे की येथे विणकरांची श्रेणी बँकेचे काम करते आहे, आणि राजाचा जावई आपला पैसा राजाच्या कोशापेक्षा तिच्याकडे ठेवणे पसंत करतो आहे.

त्याच डोंगरात आभीर राजा ईश्वरसेन याच्या काळचा लेख आहे, आणि त्यातही भिक्षूंच्या औषधोपचारासाठी कुंभार, जलयंत्रे करणारे आणि तेली यांच्या श्रेणींकडे ठेवी ठेवल्याची नोंद आहे. दोन लेखांच्या दरम्यान नहपानाचे क्षहरात घराणे गेले, सातवाहन आले आणि गेले. श्रेणींकडे ठेव ठेवण्याची रीत मात्र टिकली. गोदावरीकाठच्या जोगलटेंभी येथे १९०६ मध्ये नहपानाच्या १३,००० हून अधिक चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, आणि त्यांतील ९,००० हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारलेला आहे. जिंकणाऱ्याने शत्रूचे चलन नाहीसे केले नाही. त्यावर आपली मुद्रा उमटवून तेच चालू ठेवले. आपल्या खेळांत मात्र शहर जिंकले की त्याचे व्यापारी मार्ग तुटतात आणि तिजोरीत एकरकमी सोने पडते. प्राचीन युगासाठी माझी सूचना अशी की श्रेणी ही राज्याहून वेगळी, स्वतःची ठेव आणि स्वतःची पत असलेली घटकसंस्था असावी. शहराचा मालक बदलला तरी ती टिकावी, नव्या राज्यकर्त्याला तिच्याशी जुळवून घ्यावे लागावे, आणि तिला लुटणाऱ्याला त्या टर्नचे सोने मिळून पुढची कित्येक वर्षे ठेव ठेवायला कोणी धजू नये.

या युगातला खरा अडसर भूगोलाचा आहे. इजिप्तहून जुलैच्या सुमारास निघणारी जहाजे नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यावर येत आणि हिवाळ्यात उलट वाऱ्यावर परतत. किनाऱ्यावरून देशावर यायचे तर थळघाट, नाणेघाट असे मोजके चढ होते, आणि जो घाट राखी तो जकात घेई. त्या काळच्या एका ग्रीक भाषेतील समुद्रवर्णनात कल्याणविषयी एक नोंद आहे, ती तर तशीच्या तशी खेळाचा नियम व्हावी. कल्याण पूर्वी अधिकृत बंदर होते, पुढे ते दुसऱ्या सत्तेच्या हाती गेले आणि तेथे चुकून लागलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जाऊ लागली. राज्य व्यापार निर्माण करत नाही. त्याला एक वाट महाग आणि दुसरी स्वस्त करता येते, एवढीच त्याची शक्ती. खेळाडूच्या हाती व्यापारी मार्ग जोडण्याचे बटण न देता घाट, बंदर आणि जकातीचा दर एवढेच द्यावे, आणि व्यापाऱ्यांनी आपापली वाट स्वतः शोधावी. ज्या खेळात सुरुवातीचा एकेक टर्न चाळीस-चाळीस वर्षांचा असतो तेथे ऋतू कसा दाखवायचा, असे कोणी विचारेल. ऋतू दाखवण्याची गरज नाही. वाऱ्याशी बांधलेल्या मार्गाची क्षमता ठरलेली ठेवावी आणि ती पैसे ओतून वाढू नये, म्हणजे पुरे.

मार्ग बऱ्यापैकी वाहते झाले की अडसर मालाकडून पैशाकडे सरकतो. माल आग्र्याला पोचला, विकला गेला, आता ती चांदी परत कशी आणायची? याचे उत्तर हुंडी, म्हणजे दूरच्या गावी रक्कम देण्याविषयी सावकाराने लिहिलेली चिठ्ठी. दर्शनी हुंडी दाखवताक्षणी वटे, मुदती हुंडी ठरल्या दिवसांनी वटे, शहाजोग हुंडीची रक्कम पत असलेल्या सावकाराच्याच हाती पडे, आणि जोखमी हुंडी तर माल सुखरूप पोचला तरच देय होई, म्हणजे एकाच कागदात कर्जही आले आणि विमाही आला. युरोपात इटालियन पेढ्यांनी हेच काम विनिमयपत्रांनी केले. आपल्या खेळांत 'बँकिंग' नावाचा शोध लागतो आणि शहराचे उत्पन्न काही टक्क्यांनी वाढते. त्यामागची माणसे कोठेच दिसत नाहीत.

या युगासाठी मला नकाशापेक्षा खातेवही पाहायला आवडेल. खेळाडूपुढे पाच-सहा पेढ्या असाव्यात, प्रत्येकीच्या शाखा वेगवेगळ्या शहरांत असाव्यात, आणि दूरच्या मोहिमेवर गेलेल्या सैन्याचा पगार त्यांच्यामार्फतच पाठवता यावा. राज्याची पत चांगली असेल तर हुंडणावळ (हुंडीवरचे शुल्क) कमी पडावी, एखादे कर्ज बुडवले की ती चढावी, आणि आणखी एक बुडवले तर पेढीने त्या राज्यातून बस्तान हलवावे. थोरल्या बाजीरावांसारखा सेनानी उत्तरेत विजयांमागून विजय मिळवत असतानाही सावकारांच्या देण्याखाली वाकलेला होता, हे आम्ही शाळेत शिकतो. आपल्या खेळांत विजयी सेनापती कधी कर्जबाजारी होत नाही. नाण्यांची विविधता हीही याच युगाची गोष्ट. आमच्याच जिल्ह्यातील चांदवडला टांकसाळ होती आणि चांदवडी रुपया बाजारात चाले, पण तो इतर रुपयांशी बदलताना सराफ बट्टा (बदलीची कसर) घेई. दोन राज्यांच्या सीमेवर हा बट्टा बसला की चलन एक करण्याचा निर्णय खेळाडूला खरोखर मोलाचा वाटेल. ज्या नाशिकजवळ शत्रूच्या नाण्यांवर छाप मारलेले चलन सापडले त्याच नाशिकमध्ये १९२८ पासून नोटा छापल्या जातात, आणि या दोन टोकांमधला सगळा प्रवास आपल्या खेळांत 'सोने' नावाच्या एका पिवळ्या चिन्हाखाली गडप झालेला आहे.

पेढ्यांचा आणखी एक उपयोग आहे, जो मला अजून कोणत्याही खेळात सापडलेला नाही. पानिपतच्या पराभवाची वार्ता १७६१ मध्ये नानासाहेब पेशव्यांना मिळाली ती सावकारी जासुदाच्या पत्रातून, मोत्ये आणि मोहरांच्या सांकेतिक भाषेत, ही हकीकत प्रत्येक मराठी माणसाला ठाऊक आहे. व्यापाराचे जाळे बातमीचेही जाळे होते आणि पुष्कळदा ते राज्याच्या डाकेपेक्षा वेगवान होते. ज्या शहरांशी आपला सावकारी व्यवहार आहे तेथील घडामोडी खेळाडूला आधी कळाव्यात आणि बाकीच्या उशिरा कळाव्यात, एवढा एक नियम ठेवला तरी व्यापाराला सोन्यापलीकडचे कारण मिळेल.

त्यापुढचे युग परवान्यांचे. त्याविषयी थोडक्यात लिहितो, कारण कंपन्या, मक्तेदारी आणि वसाहती हा भाग आपले खेळ आधीच मन लावून रंगवतात. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकाच्या आरंभापासून अरबी समुद्रात कार्ताझ या जहाजांच्या परवान्याची सक्ती केली, आणि मोगल बादशहाच्या जहाजांनाही तो परवाना घ्यावा लागे. जमिनीवरचा सर्वांत बलाढ्य सम्राट समुद्रावर दुसऱ्याकडे परवाना मागतो, ही विसंगती खेळात आली पाहिजे. त्यासोबत तिला मिळालेले उत्तरही यावे. १६७१ मध्ये शिवाजी महाराजांनी कुडाळच्या सुभेदाराला पाठवलेल्या पत्रात गोव्याकडच्या बारदेशातून येणाऱ्या स्वस्त मिठावर जबर जकात बसवण्याची आज्ञा आहे, आणि तिचे कारणही दिलेले आहे: ते मीठ स्वस्त पडले तर व्यापारी तिकडे वळतील आणि आपल्या बंदरांचे उत्पन्न बुडेल. आदल्याच वर्षी, ऑक्टोबर १६७० मध्ये, सुरतेची दुसरी लूट घेऊन परतताना महाराजांनी आमच्या वणी-दिंडोरीजवळ दाऊदखानाच्या मोगली फौजेशी लढाई दिली होती. आपल्या खेळांत यांपैकी दिंडोरीची लढाई येईल, जकातीचे पत्र येणार नाही. दोन्ही निर्णय एकाच राज्यकर्त्याचे आहेत, आणि लूट व जकात यांत केव्हा कशाची निवड करावी हाच त्या काळातला अवघड प्रश्न होता.

औद्योगिक युगाचा अडसर वेगाचा आणि बातमीचा. यासाठी १८६५ हे एकच वर्ष घ्यावे. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ पासून तिकडचा कापूस इंग्लंडमधील लँकेशायरच्या गिरण्यांना पोचेनासा झाला आणि मुंबईमार्गे जाणाऱ्या कापसाला सोन्याचा भाव आला. खानदेश-वऱ्हाडचा कापूस खाली उतरवण्यासाठी रेल्वे घाट चढत होती, आणि कसाऱ्याहून इगतपुरीपर्यंतची थळघाटातील लोहमार्गाची चढण १८६५ मध्ये खुली झाली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये अमेरिकेतील युद्ध संपले, कापसाचा भाव कोसळला, आणि बॅकबे भरावाच्या (समुद्र बुजवून जमीन करण्याच्या योजनेच्या) शेअरांवर उड्या टाकणारी मुंबई जुलै उजाडता उजाडता दिवाळखोरीत निघाली. म्हणजे वाट सुधारली आणि भाव पडला, दोन्ही एकाच वर्षी. पुढे १८६९ मध्ये सुएझ कालवा झाला आणि १८७० मध्ये समुद्राखालच्या तारेने मुंबई लंडनशी जोडली गेली. जो भाव पूर्वी आठवड्यांनी कळे तो आता तासांत कळू लागला, आणि आधी बातमी मिळवून नफा करणाऱ्यांचा सगळा धंदाच बदलला.

या युगात खेळाडूच्या हाती रूळ, तारा आणि बंदरे द्यावीत; भाव मात्र त्याच्या हातात नसावेत. त्याने घाटात लोहमार्ग घालायला घेतला तेव्हा कापूस महाग असावा आणि तो पूर्ण होईपर्यंत स्वस्त झालेला असावा. असे झाले तर खेळाडू चिडेल हे मला मान्य आहे. पण मग त्याला रेल्वेचा दुसरा उपयोग शोधावा लागेल, जसा प्रत्यक्षात शोधला गेला. आणि मनमाडसारखे जंक्शन का वाढते हे त्याला कोणत्याही माहितीपटलावाचून समजेल.

येथेच आपल्या खेळांमधील एका सवयीविषयी बोलले पाहिजे. जुने एकक निवडायचे, सोने भरायचे, आणि त्याचे नव्या एककात रूपांतर करायचे. सैनिकांच्या बाबतीत हे चालून जाते. व्यापाराच्या बाबतीत ते साफ खोटे आहे. शतकानुशतके सैन्यांना धान्य आणि किनाऱ्यावरचे मीठ देशावर पुरवणारे बंजाऱ्यांचे तांडे रेल्वे आल्यावर आगगाडीत रूपांतरित झाले नाहीत. त्यांचा वाहतुकीचा धंदा बुडाला आणि त्यांच्यापैकी अनेकांच्या वाट्याला मजुरी आली, तर १८७१ च्या कायद्याने कित्येक भटक्या समाजांवर गुन्हेगारीचा शिक्का मारला. दुसरीकडे हुंडी बँकांच्या बरोबरीने विसाव्या शतकातही चालत राहिली. नवी व्यवस्था आली की जुनीतले काही मोडते, काही नव्याच्या शेजारी तग धरते, आणि काही नव्याच्या पोटात शिरते. युगांतराच्या वेळी सगळे पुसून टाकणे किंवा सगळे आपोआप सुधारणे, हे दोन्ही सोपे मार्ग सोडून प्रत्येक जुन्या घटकाचे काय होते याचा वेगळा निर्णय आपल्या खेळांनी ठेवावा. ज्यांचा धंदा मोडला ते लोकसंख्येत राहतात, असंतोषात राहतात, आणि त्यांच्यासाठी काही करायचे की नाही हा प्रश्न खेळाडूसमोर राहतो.

आधुनिक युगाविषयी मी अंमळ सविस्तर लिहितो, कारण बहुतेक खेळ येथवर येईपर्यंत थकलेले असतात आणि शेवटच्या युगाचा व्यापार म्हणजे मोठ्या आकड्यांची रांग उरते. १९५६ मध्ये न्यूअर्कहून ५८ कंटेनर घेऊन निघालेल्या 'आयडियल एक्स' जहाजानंतर वाहतूक इतकी स्वस्त झाली की अंतर हा मोठा अडसर राहिला नाही. त्याची जागा नियमांनी घेतली. २०१० च्या हंगामात युरोपात गेलेली भारतीय द्राक्षे क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढरोधकाच्या अंशामुळे नाकारली गेली, आणि त्याची मोठी झळ नाशिक जिल्ह्याला बसली. त्या मालाला कोणी जकात लावली नव्हती, कोणी समुद्रात अडवले नव्हते, वाहतूकही सुरळीत होती. प्रयोगशाळेतला एक आकडा आडवा आला. तेव्हापासून येथील निर्यातदार बागाईतदार फवारणीची नोंद जितक्या काटेकोरपणे ठेवतो तितक्या काटेकोरपणे आपल्या खेळांत सैन्याचीही नोंद ठेवली जात नसेल.

कांद्याचे तर विचारूच नये. लासलगावची बाजार समिती १९४७ पासूनची, कांद्याच्या व्यापारात आशियात अग्रगण्य मानली जाणारी. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्र सरकारने कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लावले, तेव्हा जिल्ह्यातील व्यापाऱ्यांनी लिलाव बंद ठेवले. डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातच बंद झाली. मे २०२४ मध्ये ती पुन्हा खुली झाली ती टनाला ५५० डॉलर किमान निर्यातमूल्य आणि ४० टक्के शुल्क यांसह, आणि शुल्क पूर्णपणे उठायला एप्रिल २०२५ उजाडले. शहरातील ग्राहकाला कांदा स्वस्त हवा, शेतकऱ्याला भाव हवा, आणि बांगलादेश किंवा आखातातील आयातदाराला भरवशाचा पुरवठा हवा; प्रत्येक अधिसूचनेत यांपैकी कोणीतरी दुखावला जातो. ही ओढाताण म्हणजेच आधुनिक युगाचा व्यापार. खेळाडूला निर्यातबंदीचे बटण द्या, ते दाबल्याबरोबर शहरांतील असंतोष उतरू द्या, आणि मग दोन हंगामांनी परदेशी ग्राहकाने दुसरा देश गाठलेला त्याला आढळू द्या.

एका युगाकडून दुसऱ्या युगाकडे जाण्याची वेळ कोणी ठरवायची, हा प्रश्न उरतो. आज बहुतेक ठिकाणी ती सनावळीने किंवा टेक ट्रीमधील (खेळातील शोधांच्या क्रमवार आराखड्यातील) एखाद्या शोधाने ठरते. माझ्या मते जुना अडसर सैल झाला की नवा आपोआप समोर यावा. घाट सुरक्षित झाले आणि मालाची ये-जा एका मर्यादेपलीकडे गेली की चांदीची ने-आण जड होऊ लागावी आणि तेव्हाच पेढ्यांची वही उघडावी. पेढ्यांकडे पुरेसे भांडवल साठले की ते समुद्राकडे वळावे आणि परवान्यांची स्पर्धा सुरू व्हावी. अशाने सगळी राज्ये एकाच क्षणी एकाच युगात उडी घेणार नाहीत. एका किनाऱ्यावर तारा खडखडत असताना दुसरीकडे तांडे चालत असतील, आणि इतिहासात तसेच होते. ज्या राज्याने घाटच कधी सुरक्षित केले नाहीत त्याला पेढ्या मिळू नयेत, आणि ज्याने पेढ्यांना छळले त्याच्या वाट्याला परक्या देशाची कंपनी यावी.

आक्षेप काय येतील याची मला कल्पना आहे. सर्वांत मोठा आक्षेप गुंतागुंतीचा: एवढे सगळे एका खेळात घातले तर सामान्य खेळाडू पहिल्या शंभर टर्नांतच कंटाळेल. परंतु मी एका वेळी एकच अडसर मागतो आहे. प्राचीन युगात खातेवही नको, मध्ययुगात तारेचे दर नकोत, आणि ज्या युगातून आपण पुढे आलो त्याची यंत्रणा मागे आपोआप चालत राहावी. आजच्या खेळांत उलट होते. पहिल्या युगातील प्रत्येक गाडी शेवटच्या युगातही हातानेच पाठवावी लागते आणि खरा कंटाळा तेथून येतो. दुसरा आक्षेप संगणकाकडून खेळणाऱ्या राज्यांचा. स्वतःची वाट शोधणारे व्यापारी आणि पत मोजणाऱ्या पेढ्या त्यांना पेलतील काय? हा आक्षेप मला खरा वाटतो आणि त्याचे पूर्ण उत्तर माझ्याकडे नाही. एवढेच सुचवतो की जकात, घाट आणि कर्ज या तीनच गोष्टी ठरवणे हे वीस मार्ग एकेक करून जोडण्यापेक्षा यंत्रालाही सोपे जावे.

तिसरा आक्षेप विक्रीचा असेल: कांद्याची अधिसूचना आणि हुंडणावळ यांत कोणाला रस? 'व्हिक्टोरिया ३'चे खेळाडू तासन्‌तास पोलाद आणि काचेचे भाव पाहत बसतात, हे आपल्याला माझ्यापेक्षा चांगले माहीत आहे.

शेवटी एक व्यवहाराचे मागणे. पुढील खेळांत व्यापाराच्या आकड्यांबरोबर त्याचे नियमही मॉड करणाऱ्यांसाठी (खेळात स्वतः फेरबदल करणाऱ्या खेळाडूंसाठी) खुले ठेवावेत: कोणत्या युगात कोणता अडसर चालू असेल, तो केव्हा सैल होईल, आणि श्रेणी, पेढी, तांडा यांपैकी कोण युगांतरानंतर टिकेल, हे आम्हाला बाहेरून लिहिता यावे. नाशिकमध्ये इतिहासाची, संगणकाची आणि बाजाराची जाण असलेली मंडळी एकाच टेबलाभोवती बसवणे अवघड नाही. गोवर्धनच्या श्रेणींपासून न्हावाशेव्याला जाणाऱ्या द्राक्षांच्या कंटेनरपर्यंत गोदाखोऱ्याचा एक खेळप्रसंग आम्ही स्वतः बांधू. शिलालेखांतील रकमा, घाटांच्या वाटा, जुन्या जकातनाक्यांच्या जागा आणि बाजार समितीतील लिलावाची पद्धत यांची टिपणेही आपल्या रचनाकारांना मोकळ्या हाताने देऊ. नियमांची फाईल कोणत्या स्वरूपात हवी, तेवढे कळवावे.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक नाशिककर खेळाडू